येसूच्या नावाने

“आयला, ह्या धोंड्यावर कापडं सुकवायची का भाकऱ्या भाजायच्या?”

माझ्या पाठीमागे कोणीतरी असं बोललं आणि माझ्या मालकाचा, मुस्यूंचा, झालरीचा सदरा माझ्या हातून सुटून ओढ्याच्या पाण्याबरोबर चालता झाला.

तो सदरा धरायला हवा होता. झालरीचा सदरा हरवणं म्हणजे पाठ सोलून घेणं. पण मागचं ते बोलणं ओळखीचं होतं. वळून पाहिलं तर तांबडे डगले आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घातलेले सावळे शिपाई काठावर पाण्यात पाय सोडून बसले होते. ही इंग्रजांची पलटण. नुकतीच ती बोटींतून बेटावर उतरली होती आणि बंदरावरचं फ्रेंचांचं निशाण खाली आलं होतं. माझ्या मालकिणीने, मादाम ब्रुसेने, आम्हाला बजावून ठेवलं होतं की हे लोक माणसं खातात.

माणसं खाणाऱ्यांपैकी एक मिशीवाला हवालदार तसाच पाण्यात शिरला, सदरा पकडून पिळला आणि हसत माझ्यापुढे धरला. काहीतरी हिंदुस्तानीत बोलला. ते मला कळलं नाही. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “आये!”

त्याचं हसू थांबलं. “काय म्हनलीस?”

“आये,” मी पुन्हा म्हणाले. मग जे जे आठवत होतं ते सगळं एका दमात म्हणून टाकलं. “पानी. भात. चांदोबा. माजी भावली. बाय पडली, बाय रडली.”

बाकीचे शिपाई खो खो हसायला लागले. चोवीस-पंचवीस वर्षांची धडधाकट बाई, डोक्याला फ्रेंच रुमाल बांधलेला, आणि बोलतेय अंगणातल्या पोरीसारखी. हसू येणारच. हवालदार मात्र त्यांच्यावर खेकसला.

“गप ऱ्हावा रे! ही चेष्टा करत न्हाय. हिची मराठी आजून दुधाच्या दातांची हाय.”

मी त्या धोंड्यावर बसले आणि रडले. इतकं रडले की मुस्यूंचा सदरा दुसऱ्यांदा वाहून जाता जाता वाचला.

ही गोष्ट मॉरिशस बेटाची. तेव्हा ते नाव नवीन होतं. आदल्या महिन्यापर्यंत आम्ही त्याला ‘इल द फ्रान्स’ म्हणत होतो. बंदराचं नावही रातोरात बदललं. मला तिथे रोझाली म्हणत. मी ब्रुसे घराण्याची गुलाम होते. तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. माझा बा मला गलबतातून मुंबईला नेत होता. वाटेत फ्रेंच लुटारू जहाजाने गलबत धरलं. बाने मला शिडाच्या गुंडाळीखाली लपवलं आणि सांगितलं, हूं का चूं करू नकोस. मी केलं नाही. गलबतावरच्या माणसांना त्यांनी होडीत बसवून किनाऱ्याकडे सोडून दिलं, माझ्या बालाही. तो ओरडत होता, ते मी ऐकलं. पण त्यानेच गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. मी शहाणी मुलगी होते. गलबत पार खोल समुद्रात गेल्यावर भुकेने बाहेर आले, तेव्हा त्या लोकांना मी सापडले.

त्या जहाजात मुस्यू ब्रुसेंचा पैसा गुंतलेला होता. मुस्यूंचा धंदाच तो. इंग्रजांची जहाजं लुटायला जहाजं पाठवायची आणि आलेला माल बंदरात विकायचा. घरात निम्म्या वस्तू इंग्रजांच्या होत्या. घड्याळ, आरसा, चांदीची चहादाणी, जहाजाचं नाव आणि सोनेरी सिंह काढलेल्या कपबश्या. आणि मी.

आता तेच इंग्रज राज्य करायला आले म्हटल्यावर घरात काय धांदल उडाली असेल! मादामने आधी त्या कपबश्या गवतात गुंडाळून माळ्यावर टाकायला लावल्या. घड्याळ उलटं करून पाहिलं, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते राहिलं. मुस्यू टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “मी मरेन, पण त्यांच्या राजाच्या नावाने हात वर करून शपथ घेणार नाही.” मग कळलं की शपथ न घेणाऱ्याने आपला गाशा गुंडाळून फ्रान्सला जायचं. मुस्यूंनी फ्रान्स कधी पाहिलाच नव्हता. त्यांचा जन्म बेटावरचा. त्यांना साध्या पावसाळी वाऱ्यानेही पडसं व्हायचं. एका दुपारी ते ठेवणीतला कोट घालून गेले, हात वर करून आले आणि जेवायला कोंबडी करायला सांगितली.

त्याच दिवशी मादामने आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं. फार खुशीत होती. “घाबरायचं काही कारण नाही,” ती म्हणाली. “इंग्रजांनी लेखी दिलंय. कायदा आपलाच राहील, चर्च आपलंच राहील, आणि ज्याची मालमत्ता त्याच्याकडेच राहील. काहीही बदलणार नाही.”

मोझांबिकहून आणलेला आमचा स्वयंपाकी लाझार माझ्या शेजारी उभा होता. नवं निशाण लागल्यापासून तो मनात सुटकेची आशा धरून होता. तो चुलीकडे परत गेला. मालमत्तेत आपण येतो, हे आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

पुढे पेशव्यांचं राज्य जाऊन इथे कोकणातही कंपनीचं निशाण लागलं, तेव्हा गावात सगळे हबकून गेले. म्हातारी माणसं मला विचारायची, तू हे बघितलंयस, आता काय होईल गो? मला तेव्हा मादामच्या गवतातल्या कपबश्याच आठवायच्या.

माणसं खाणाऱ्यांची भीती मादामला फार दिवस पुरली नाही. पलटणीचे कपडे धुवायला बायका हव्यात असं कळल्यावर तिने मला मोबदल्यावर तिकडे पाठवायला सुरुवात केली. मी आनंदाने गेले. परेडच्या मैदानाकडेला बदामाच्या झाडाखाली त्या मिशीवाल्या हवालदाराच्या, सोननाकच्या, लोकांची चूल असायची. मी कपडे पिळत त्यांचं बोलणं ऐकत बसायची. एकेक शब्द परत यायचा. माठ. सूप. कोयती. ओसरी. एखादा शब्द आला की माझ्या अंगावर काटा यायचा. शिपाई मुद्दाम एकेक वस्तू उचलून विचारायचे, “ह्येला काय म्हनत्यात, सांग बगू?” चुकलं की हसायचे. महिन्याभरात मी त्यांच्याशी भांडण्याइतकी तयार झाले.

एक दिवस मी सोननाकला म्हणाले, “दादा, तुमची पलटन मुंबैला जाईल तवा मला बी न्या.”

तो चुलीतली लाकडं मागे ओढत होता. त्याने मान वर केली नाही. “गाव कंचं तुजं?”

“खाडी हाय तिथं.”

“कोकनात खाडी न्हाय आसं गाव दाकव मला. नाव काय गावाचं?”

“गाव,” मी म्हणाले. “आमी गावच म्हनायचो.”

“बाचं नाव?”

“बा.”

“आयचं?”

मी हातातलं पिळलेलं कापड पुन्हा पिळलं.

“आनि तुला काय म्हनायचे गो?”

“बाय.”

“बाय तर समद्याच पोरींना म्हनत्यात,” तो म्हणाला, आणि मग त्यालाच वाईट वाटलं. त्याने मला तांदळाची भाकरी दिली. ती मी तशीच हातात घेऊन परतले. रोज रात्री डोळे मिटून मी त्या घराकडे जात होते. खाडीतले दोन खडक, वाकडा माड, पायऱ्या, ओसरीवर आये. सोननाकलाही मी ते सांगितलं. सगळं होतं, फक्त तिथे जायचं तर कोणाला काय विचारायचं, तेवढंच नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला आईचं नाव कशाला लागतं?

पुढे दोन दिवस सोननाक माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला झाडाच्या मागे बोलावलं.

“आमचे विल्मट कप्तान हायत, त्यांच्याकडं मी कामाला आसतो. त्यांच्या तोंडून ऐकलंय. मालमत्ता ज्याची त्याची, ह्ये खरं. पन जहाजावर धरलेले कैदी सोडून द्यायचे, ह्ये बी त्याच करारात हाय. तू जहाजावरची हायस. तुजं नाव, बाचं नाव, गाव, आनि वळख देनारं मानूस पायजे.”

“त्येच तर न्हाय.”

“त्ये म्या देतो. येसू, रामनाकाची लेक, गाव कोळंबवाडी. माजी धाकटी भैन.”

“ही कोन?”

“हाय कुनीतरी,” असं म्हणून तो समुद्राकडे बघायला लागला. मग एकदम म्हणाला, “आदी एक ऐक. मी महार हाय. पलटनीत बंदुकीला जात नस्ते, गावात आस्ते. तू कुनाची लेक, देवाला ठावं. वाण्याची आसशील, भंडाऱ्याची आसशील, बामनाची बी आसशील. माजी भैन म्हनून एकडाव उतरलीस का दुसऱ्याच्या पानवठ्याला हात लावता यायचा न्हाय. देवळात जाता यायचं न्हाय. उद्या तुजे खरे आयबा समोर आले, तरी त्ये तुला घरात घेतीलच आसं न्हाय. समजतंय का? मागं फिरता यायचं न्हाय.”

मी विचारलं, “तुमच्या पानवठ्यावर पानी आसतं न्हवं?”

“आसतं की.”

“मंग झालं.”

तो काय सांगत होता, ते तेव्हा मला काडीचंही कळलं नव्हतं. नंतर पुरतं कळलं, अंगावर घेऊन कळलं. तरीही उत्तर मी तेच दिलं असतं.

मादामला गव्हर्नरच्या घरच्या नाचाचं आमंत्रण हवं होतं. त्यासाठी तिने विल्मट कप्तानाला जेवायला बोलावलं. माळ्यावरच्या कपबश्यांचं मी सोननाकला सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी तो मला म्हणाला, “सायबाचं पोट भरलं का त्याला च्या लागतो. कंच्या कपातून द्यायचा, त्ये तुज्या हातात.”

जेवण उत्तम झालं. मुस्यूंनी इंग्रजांच्या आरमाराची तारीफ केली, कप्तानाने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये लाझारच्या माशाची तारीफ केली. मग मी तबक घेऊन आत आले. त्यात चांदीची चहादाणी होती आणि सोनेरी सिंहाच्या कपबश्या. सकाळीच मी त्या माळ्यावरून काढून, पुसून ठेवल्या होत्या.

मादामचा चेहरा तिच्या टेबलावरच्या चादरीसारखा पांढरा झाला. मुस्यू खोकायला लागले. कप्तानाने कप उचलला, जहाजाचं नाव वाचलं, कप फिरवला, पुन्हा वाचलं.

“चहा छान आहे,” तो म्हणाला.

“लिलावात घेतलेला सेट आहे,” मादाम घाईघाईने म्हणाली. “फार जुना.”

“हरकत नाही मादाम. आता ती तुमची मालमत्ता. तसा आमचा शब्द आहे.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “आणि ही? हीसुद्धा जहाजावरचीच, असं माझा हवालदार म्हणतो.”

सोननाक फाटकापाशी उभाच होता. त्याला आत बोलावलं. त्याने सलाम ठोकला आणि हिंदुस्तानीत आपली सगळी कहाणी सांगितली. मुस्यू उठून उभे राहिले. “ही माझी मालमत्ता आहे,” ते म्हणाले. “तुमच्याच करारात लिहिलंय. काहीही बदलणार नाही, असं लिहिलंय.”

“कपबश्या मालमत्ता असतात, मुस्यू. जहाजावर धरलेली माणसं कैदी असतात. तुमचे कैदी आम्ही आमच्या खर्चाने फ्रान्सला पाठवतोय. आमचे तुम्ही आम्हाला द्यावेत.” तो माझ्याकडे वळला आणि सोननाककरवी विचारलं, “तुझं नाव काय?”

खरं सांगते, त्या क्षणी माझी जीभ अडली. खोटं बोलायची भीती नव्हती. गुलामाला खोटं बोलल्याशिवाय जगताच येत नाही. पण मला एकदम वाटलं, की आता दुसरं नाव घेतलं की माझ्या आयेची ‘बाय’ कायमची शिडाखालीच राहणार. माझं खरं नाव एखाद्या दिवशी आपोआप आठवेल, या आशेवर मी तोपर्यंत जगले होते. मी सोननाककडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

“येसू,” मी म्हणाले. “रामनाकाची लेक. कोळंबवाडी.”

मादामने मुस्यूंच्या हातावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. नाचाचं आमंत्रण तिच्या डोळ्यांपुढे असणार. “कॅप्टन म्हणतात तर तसंच असेल,” ती गोड हसून म्हणाली. मी भांडी उचलून आत गेले, तशी ती माझ्या मागे आली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज दुखावलेला होता.

“इतकी वर्षं माझ्या घरात राहिलीस. तुझं नाव येसू आहे, हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत, मादाम.”

लाझारने मला वाटेसाठी केळी आणि भाजलेला मनिओकचा कंद बांधून दिला. मग तो म्हणाला, “तुझी भाषा बोलणारी पलटण आली, रोझाली. माझ्या भाषेची पलटण कधी येते, बघू.” त्याच्याकडे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

जहाजावर पहिले काही दिवस मी नुसती खुशीत होते. उलट्या करतानासुद्धा खुशीत होते. सोननाक मला कोळंबवाडीची माहिती पढवत होता. चावडी कुठे, महारवाडा कुठे, कोणाचं घर कोणाला लागून. एकदा मी थट्टेत म्हणाले, “दादा, तुमची ही येसू लई गुनाची दिसते. रचलीत तरी झकास.”

“रचली न्हाय,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. येसू खरीच होती. साताठ वर्षांची असताना बंदरावरच्या जत्रेत आयचा हात सुटला आणि गर्दीत हरवली. कोणी म्हणालं बुडाली, कोणी म्हणालं पळवून नेली. आज असती तर माझ्याच वयाची. बाप त्या दुःखाने गेला. आय अजून जत्रेच्या दिवशी बंदरावर जाऊन बसते.

मी विचारलं, “आनि तिला काय सांगनार? मी तिची लेक हाय म्हनून?”

“मला न्हाय ठावं. तू वड्याच्या काटावर ‘आये’ म्हनलीस तवा मला वाटलं, येसूच हाय. मंग तू खाडीतले खडक सांगितलेस, तवा कळलं का न्हाय. आमच्या खाडीत खडकच न्हायत.” त्याचा आवाज बसला. “पन तोवर तुला तितं सोडून जायचं माज्याच्यानं होईना.”

त्यानंतर मला घर जवळ येतंय याची धास्ती वाटायला लागली. इतकी वर्षं ज्या किनाऱ्यासाठी जीव तुटत होता, तो दिसला तेव्हा मी डेकवर गेलेच नाही. पुढे आयुष्यभर मी त्या किनाऱ्यावरची बंदरं न्याहाळली. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जिथे म्हणून जायला मिळालं तिथे. दोन खडक आणि एक वाकडा माड जवळजवळ सगळीकडे आहे. कितीतरी ओसऱ्यांवर म्हाताऱ्या बसलेल्या दिसल्या. मी लांबून बघायची आणि पुढे जायची.

कोळंबवाडीला आम्ही पोचलो ते भर दुपारी. खबर आमच्या आधीच पोचली होती. महारवाड्यात जत्रेसारखी गर्दी जमली होती. दारात एक काटकुळी म्हातारी उभी होती. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचं मडकं. लांबून आलेल्या लेकराला दारात थांबवून, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि पायांवर पाणी घालतात, तशी आमच्याकडे रीत आहे.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला मान वर करवेना. सोननाक बाजूला पाठमोरा उभा होता. म्हातारीने तुकडा ओवाळून टाकला, खाली बसली आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. डाव्या पायावरून तिने हात फिरवला, करंगळीपाशी आला आणि तिथे थांबला. पुन्हा एकदा फिरवला. पुन्हा थांबला.

“येसूच हाय न्हवं गो, सोनूच्या आये?” मागून कोणीतरी विचारलं.

तिने मान वर केली. “मी पोटात वागवलीय तिला. मी वळखायची न्हाय?” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी कडाडली. “हीच माजी येसू. जावा आता आपापल्या घरी.”

लोक हळूहळू पांगले. ती मात्र उठली नाही. तिचा ओला हात अजून माझ्या पायावर होता.

“येसूला त्या पायाला सा बोटं व्हती,” ती मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली.

मी म्हणाले, “आये, मी जाते. मी सायबाला सांगीन, दादाची काय चूक न्हाय.”

“कुटं जाशील?”

ती दाराच्या चौकटीला धरून उठली.

“माजी येसू बी आशीच कुनाच्या तरी दारात हुबी ऱ्हायली आसंल,” ती म्हणाली. “तिला कुनीतरी घरात घेतली आसंल, न्हवं गो?”

“घेतली आसंल, आये,” मी म्हणाले.

तेव्हा ती दारातून बाजूला झाली.